दिशा पसंत

दयानंदचा फोन आला तेव्हा हैबतराव टँकरवाल्याशी भांडत होते. एका कानात टँकरवाला, दुसऱ्या कानाला मोबाइल आणि तोंडात दोघांना मिळून एकच शिवी, अशा अवस्थेत त्यांनी जेवढं ऐकलं तेवढं वर घरात येऊन सांगितलं. रविवारी अकरा वाजता स्थळ बघायला माणसं येणार. अकोल्याची आहेत. मुलगा हिंजवडीत आयटीत. आईबाप स्वतः येतायत, आणि पसंत पडलं तर तिथल्या तिथं बोलून टाकू म्हणतायत.

"म्हंजे आपल्या दिशाला?" धाकट्या भावजयीनं, रंभाबाईंनी, पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारलं.

"मंग काय मला?" हैबतराव म्हणाले.

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. सगळा घोळ एका शब्दाचा. दयानंदनं पंधरा वर्षं महाळुंग्यात वधूवर जुळवले. पुढं गावात शेतं विकायला लागली, इमारती उठल्या, तेव्हा तो फ्लॅट दाखवायच्या धंद्यात शिरला. एजंट म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, म्हणून त्यानं नवं कार्ड छापलं, ‘दयानंद, स्थळ सल्लागार’. पूर्वी स्थळ म्हणजे मुलगा किंवा मुलगी, आता स्थळ म्हणजे दोन खोल्या, किचन आणि पार्किंग. माणसानं धंदा खुशाल बदलावा, पण मग शब्दही बदलावा. दयानंदला जुन्या शब्दाची सवय होती आणि गावाला दयानंदची.

दाखवायचा होता तो समोरचा तीनशे तीन नंबरचा फ्लॅट, दिवाळीपासून रिकामा. हैबतराव आणि नथू या दोघा भावांनी वडिलार्जित वावर बिल्डरला दिलं, त्यावर ‘मेडोज’ उभी राहिली आणि बदल्यात सात फ्लॅट मिळाले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटमधली भिंत पाडून सगळं खटलं एकत्र राहायला आलं. बाकीचे भाड्यानं दिले. जिना तोच, वास मात्र मजल्यागणिक वेगळा. पहिल्या मजल्यावर बीडची मंडळी ठेचा करायची, दुसऱ्यावर जळगावचं भरीत, चौथ्यावर तीन अविवाहित पोरं फक्त अंडी. अख्खा महाराष्ट्र आपल्या वावरात राहायला आला, असं हैबतराव कौतुकानं सांगत आणि मग टँकर उशिरा आला की त्याच महाराष्ट्राला नावं ठेवत.

शनिवारी संध्याकाळी आशालताबाई कासारसाईहून येऊन थडकल्या. हैबतराव आणि नथूची ही धाकटी बहीण. तिच्या दिराचा मुलगा इंद्रजित, याच्याकडे दोन जेसीबी आणि धरणाखाली अकरा एकर. दिशासाठी तिनं त्याचं नाव सुचवून पंधरा दिवस झाले होते, आणि रविवारी संध्याकाळी हो का नाही ते सांगतो, असा शब्द हैबतरावांनी तिला दिला होता. त्याच रविवारी दुसरं स्थळ आल्याचं कळल्यावर ती सासरी बसून राहणं शक्यच नव्हतं.

"दादा, कूळबीळ मी दयानंदाकडनं काढलंय," ती बसायच्या आधीच म्हणाली. "आपल्यात बसतंय. पर लांबचं किती! पोरगी आजारी पडली तर तुमी पोचंस्तवर ती बरीबी हुईल."

"बघू तर दे," हैबतराव म्हणाले. "बघाया काय टोल लागतुया?"

*

दिशाला यातलं काही माहीत नव्हतं, कारण शनिवारी तिची दुसरी पाळी होती आणि रविवारी ती दहापर्यंत झोपली.

खरं तर तीनशे तीन दाखवायची युक्ती तिचीच. हिंजवडीच्या एका कंपनीत ती पगारपत्रकं करायची. कंपनीच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर कौस्तुभ बसायचा, मूळचा अकोल्याचा, जवळच्या चांदे गावात तिघांत एक खोली करून राहणारा. सीटच्या मधल्या जागेवर आधी दोघांच्या बॅगा असायच्या. मग एकच बॅग राहिली आणि काही दिवसांनी तीही मांडीवर गेली. आता दोघांचं ठरलेलं होतं, फक्त ते घरी सांगायचं कुणी आणि कसं, हे ठरत नव्हतं. "मुलगा आवडलाय" असं तात्यांना, म्हणजे थोरल्या चुलत्याला, तोंडावर सांगणारी मुलगी या घरात अजून जन्मली नव्हती.

म्हणून तिनं असा बेत केला. कौस्तुभच्या आईबापांना मुलासाठी चांगली जागा हवीच होती. त्यांना दयानंदतर्फे तीनशे तीन दाखवायची. ते भाडेकरूचे आईबाप म्हणून चहाला बसतील, तात्या त्यांना भाताच्या गोष्टी सांगतील, आई लोणचं बांधून देईल. आधी माणसं आवडू देत, मग नातं सांगू. बेत चांगला होता. त्यात दयानंदच्या कार्डाचा हिशेब तेवढा धरलेला नव्हता.

"ही नेस," रंभाबाईंनी लेकीच्या अंगावर मोरपंखी साडी टाकली. "अकराला येत्यात तुला बघाया."

"कोण?"

"अकोल्याची. पोरगा आयटीत हाय."

दिशा पलंगावर उठून बसली. अकोला म्हटल्याबरोबर तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ‘तुला बघाया’ हे शब्द डोक्यात शिरले. तिनं बाथरूममध्ये नळ सोडून कौस्तुभला फोन लावला.

"अरे, माझ्या घरच्यांना वाटतंय तुम्ही मला बघायला येताय!"

पलीकडे रिक्षाचा आवाज. "अगं, मग बरंच आहे नं!"

"बरं कसलं? तुझ्या आईला माहितीये का?"

"तिला वाटते आपण टू बीएचके बघायला चाललो." मग हळू आवाजात, "सांगू का आता?"

"रिक्षात? नको, नको." तिनं कपाळावर हात मारला. "तात्यांना कळलं की आपलं आधीपासूनच जुळलंय, तर ते दारातूनच परत पाठवतील आणि संध्याकाळी कासारसाईला हो कळवतील. जेसीबी नक्की झाला म्हणून समज."

"मग?"

ती आरशात बघत राहिली. तोंडाला पेस्टचा फेस तसाच होता. "बसू दे त्यांना. जेवढा वेळ बसतील तेवढा. तुझ्या आईला आवडू दे माझी आई. पुढचं पुढं."

बाहेर येऊन तिनं पहिलं काम केलं. दाराजवळच्या खिळ्यावरून तीनशे तीनची किल्ली काढली आणि मुठीत घट्ट धरली. फ्लॅट उघडलाच नाही तर माणसं बसूनच राहतील. बसली की बोलतील. एवढंच तिच्या हातात होतं.

*

वीज नव्हती, म्हणून लिफ्ट नव्हती. पाहुणे तीन मजले चढून आले तेव्हा कौस्तुभच्या वडिलांच्या, जनार्दनरावांच्या, तोंडून धापेमुळे शब्द फुटत नव्हता. त्याच्या आईनं, कल्पनाताईंनी, दाराच्या चौकटीला हात लावून नमस्कार केला, तो हैबतरावांना फार आवडला. दयानंदनं खिळ्याकडे बघितलं, खिसे चापपले, "किल्ली कुटं गेली?" असं पुटपुटत तो वॉचमनकडे खाली पळाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

हैबतरावांनी पाहुण्याला नीट न्याहाळलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. मुलगा बरा होता, पण सारखा जिन्याकडे बघत होता. ‘लाजतुया,’ त्यांनी मनात नोंद केली.

पाणी झालं. आता रीतीप्रमाणे पहिला प्रश्न थोरल्यानं विचारायचा. आशालतानं माहिती काढली होती, तरी पाहुण्याच्या तोंडून ऐकण्यात मान असतो. हैबतरावांनी घसा साफ केला.

"पाव्हणं, तुमचं कूळ कंचं?"

जनार्दनराव सावरून बसले. पस्तीस वर्षं ज्यानं कूळकायद्याची प्रकरणं चाळली त्याला कूळ म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

"तुमची भीती मी समजू शकतो, दादा," ते गंभीरपणे म्हणाले. "एकदा कूळ लागलं की निघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहते. पण आम्ही तशातले नाही. आम्ही स्वच्छ येऊ आणि स्वच्छ राहू."

हैबतरावांना ते पटलं. कूळ पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहतं, यात खोटं काय होतं? माणूस विचारी दिसतोय. त्यांनी नथूकडे बघितलं. नथूनं मान डोलावली. नथू तसा दादाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा, आज पाहुण्याच्या वाक्याला डोलवली, एवढाच फरक.

"आणि दादा, एक विचारू का?" जनार्दनरावांनी खिडकीतून खाली बघितलं. पार्किंग, त्यापलीकडे न विकलेल्या तुकड्यात ज्वारीचे खुंट, त्यापलीकडे अर्धवट उभी राहिलेली पुढची इमारत. "इथं आधी काय पिकायचं?"

चार वर्षांत या इमारतीत साठ तरी माणसं येऊन गेली. पाणी किती येतं विचारलं, मंदिराचा भोंगा ऐकू येतो का विचारलं, कार्पेट एरियात भिंती धरल्या की नाही विचारलं. इथं काय पिकत होतं, हे आजपर्यंत एकानंही विचारलं नव्हतं. हैबतराव सरकून पाहुण्याच्या अगदी जवळ येऊन बसले.

"आंबेमोहोर," ते म्हणाले. "तुमी बसलाय ना, बराबर तितं बांध हुता. पल्याड नथूचं, अल्याड माजं. श्रावणात हितनं वास सुटायचा त्यो पार नांद्यापातुर."

"म्हणजे आपण भातावर बसून राहिलो आहोत!" जनार्दनरावांनी नकळत पाय वर घेतले.

ते पाय वर घेणं बघून हैबतराव खो खो हसले. मग चतुःसीमा निघाल्या, गुंठे आणि आणे निघाले, एकोणीसशे बहात्तरची मोजणी निघाली. जनार्दनरावांनी खिशातलं पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला सर्व्हे नंबरचा नकाशा काढायला घेतला, आणि हैबतराव "न्हाई, न्हाई, वढा हिकडनं" करत त्यात ओढा घालू लागले. संध्याकाळी कासारसाईला फोन करायचा आहे, हे ते साफ विसरून गेले.

*

कल्पनाताईंना या घराचं नवलच वाटून राहिलं होतं. पुण्याकडचे लोक भाडेकरूला चहासुद्धा विचारत नाहीत, असं त्यांच्या भावानं बजावून पाठवलं होतं. इथं तर घरमालकीणबाई पदर खोचून पोहे घेऊन उभ्या, त्यावर ओलं खोबरं, वर दुसऱ्यांदा वाढायचा आग्रह. आणि घरातली मुलगी साडी नेसून ट्रे घेऊन आली! रविवारी घरीसुद्धा साडी. चांगलं वळण आहे, बाप्पा. फक्त त्या मुलीनं एक मूठ सारखी झाकून का धरली होती, ते कळत नव्हतं.

घरात तिला सगळे ‘बाय’ म्हणत, त्यामुळे तिचं नाव त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. रंभाबाईंना हे जरा चमत्कारिक वाटलं. पण शिकलेली माणसं, दयानंदनं नाव सांगितलं असेल.

"काय इचारायचं ते मोकळ्या मनानं इचारा, ताई," रंभाबाई म्हणाल्या.

"स्वयंपाकघराचं कसं आहे?"

"समदं येतंय! पुरनपोळी, आळूवडी, मटन म्हणा. न्हाई म्हणायला भाकरी जरा जाड."

कल्पनाताईंना वाटलं, घरमालकीण गमतीशीर आहे. त्या हसल्या, रंभाबाईही हसल्या, आणि दोघींचं हसणं इतकं जुळलं की दाराशी बसलेल्या आशालताबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"आता खरं सांगू का?" कल्पनाताईंनी पर्स उघडली. "आमचं बाकी काहीच मागणं नाही. लहान असो, जुनं असो, रंग गेलेला असो, सगळं चालवून घेऊ. मला फक्त दिशा चांगली पाहिजे." आणि त्यांनी पर्समधून पितळी होकायंत्र काढून तळहातावर ठेवलं.

"ह्ये काय?" आशालताबाई पुढं सरकल्या.

"दिशा बघायला आणलं. आमच्याकडे दिशा पाहिल्याशिवाय पुढचं बोलतच नाहीत."

आशालताबाईंनी रंभाबाईंकडे बघितलं, रंभाबाईंनी आशालताबाईंकडे. वऱ्हाडात मुली यंत्रानं बघतात, ही बातमी दोघींनाही नवी होती.

"बाय, फुडं ये," रंभाबाई हळूच म्हणाल्या. "नीट हुबी ऱ्हा."

दिशा पूर्वेच्या खिडकीपुढं येऊन उभी राहिली. कल्पनाताईंनी होकायंत्र धरलं, दारातून समोरच्या फ्लॅटकडं वळल्या, पुन्हा खिडकीकडं वळल्या, एक डोळा बारीक केला. सुई थरथरत स्थिर झाली. कौस्तुभनं पोह्याचा घास न चावता गिळला आणि त्याला ठसका लागला.

"वा!" कल्पनाताई म्हणाल्या. "सुरेख आहे. माझं समाधान झालं."

रंभाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या तडक आत गेल्या. कोठीच्या खोलीत निळ्या पिंपात वावरातल्या शेवटच्या सुगीचा आंबेमोहोर होता. दिशाच्या लग्नातल्या अक्षतांना म्हणून हैबतरावांनी तो झाकून ठेवला होता, आणि त्याला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. रंभाबाईंनी झाकण उघडलं, पाच मुठी ताटात घेतल्या, वर खण आणि नारळ ठेवला आणि बाहेर येऊन कल्पनाताईंची ओटी भरली.

"एवढं कशाला हो?" कल्पनाताई संकोचल्या, पण पदर पुढं केला. तांदळाचा वास आला तशा त्या खाली वाकून पुन्हा एकदा हुंगल्या. असे घरमालक मिळाले तर मुलाची काळजीच मिटली.

*

"मग दादा, बोलून टाकू?" जनार्दनरावांनी पेनाला टोपण लावलं. "घर पसंत, माणसं पसंत, हिची दिशाही पसंत. अजून आतून बघितलं नाही, पण तुमच्यासारखी माणसं असल्यावर बघायचं काय? आजच नक्की करू."

"करू की!" हैबतराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "नथू, साखर आण."

"रीतसर करू," जनार्दनराव म्हणाले. "अकरा महिन्यांचं करू."

नथू उठता उठता थांबला.

"काय अकरा म्हयन्यांचं?"

"सगळे अकराच महिन्यांचं करतात. पटलं तर पुढं वाढवू. नाही पटलं तर महिनाभर आधी सांगून मोकळे. तुम्हाला दुसरं कोणी मिळेल, आम्हाला दुसरी मिळेल. कुरकुर नाही, भांडण नाही."

हैबतराव उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या मिश्या थरथरत होत्या.

"अकरा म्हयनं? आमची पोरगी अकरा म्हयनं?"

"पोरगी?" जनार्दनराव म्हणाले. "कोणती पोरगी?"

"कोणती म्हंजे? पोहं कुणी आणलं? यंत्र लावून कुणाला बघितली?"

"मी तर पूर्व बघितली!" कल्पनाताई किंचाळल्या.

चौथ्या मजल्यावर कुणीतरी अंडं फेटत होतं, ते ऐकू आलं. सगळ्यांची डोकी मागं मागं जात होती, पोहे, कूळ, स्वयंपाकघर, आणि प्रत्येक ठिकाणी पोचली की एकेकाचा चेहरा लाल होत होता.

"म्हणजे तुम्ही समोरचा फ्लॅट..." नथू एवढंच म्हणाला.

"व्हय! आन आपुन पोरगी न्हेऊन हुबी केली," हैबतराव म्हणाले. त्यांचा अपमान झाला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते वेगळंच. हा माणूस त्यांना आवडला होता. त्याच्याबरोबर अजून ओढ्याच्या पलीकडचा नकाशा काढायचा राहिला होता. "आशा, सांच्याला कशाला? आत्ताच फोन लाव कासारसाईला. पाव्हणं, तुमी उठा आता."

आशालताबाईंनी मोबाइल उचलला. कल्पनाताई मान खाली घालून ओटीची गाठ सोडू लागल्या.

"तात्या," दिशा म्हणाली. कुणी वळून बघितलं नाही, तशी ती मोठ्यानं म्हणाली, "तात्या, अकरा म्हयनं झालंत."

"कशाला?"

"आमाला. मला आन कौस्तुभला. बसमधी, शेवटच्या सीटवर. मागच्या चैतापास्नं." तिनं मूठ उघडली. तळहातावर तीनशे तीनची किल्ली होती आणि किल्लीच्या दातांचे लाल वळ. "किल्ली मीच लपीवली. तुमी सगळी जरा येळ बसावी म्हणून. घोळ मी न्हाई केला, पर मोडलाबी न्हाई. मला कासारसाईला न्हाई जायाचं. मला ह्योच पायजे."

या घरात ‘मला ह्योच पायजे’ हे वाक्य याआधी फक्त बैल घेताना बोललं गेलं होतं.

"कौस्तुभ, खरं आहे का हे?" जनार्दनरावांनी विचारलं.

कौस्तुभ उभा राहिला. त्याच्या शर्टावर पोह्याची हळद सांडली होती. "हो, बाबा. पटलं आहे. आता वाढवायचं आहे." आणि मग घाईघाईनं, "कायमचं."

आशालताबाईंच्या मोबाइलमधून इंद्रजितच्या आईचा "हॅलो, हॅलो" आवाज येत होता. त्यांनी तो ऐकला, दिशाच्या तळहाताकडे बघितलं, आणि फोन बंद केला.

"का गं?" हैबतराव ओरडले.

"रेंज न्हाई," आशालताबाई म्हणाल्या, आणि मग खोटं बोलायचाही त्यांना कंटाळा आला. "दादा, मला कासारसाईला दिली तवा तुमी कुणी इचारलं हुतं का, की आशा, तुला कोण पायजे? मी वाईटात न्हाई पडले. पर इचारलं असतं तर बरं वाटलं असतं. हिला तर इचारायच्या आदीच सांगता आलं, मला लई ब्येस वाटलं बघ. आन इंद्रजितचं म्हणशील तर त्यो जेसीबी सोडून कुणाशी बोलत न्हाई."

"तूबी तिकडं गेलीस?" हैबतरावांनी भावाकडे बघितलं. नथू कधी तिकडं जात नसे. "नथू, तू बोल."

नथूनं खिडकीतून खाली, जिथं त्याचा बांध होता तिथं बघितलं. "दादा, वावर द्यायचं तुमी म्हणला, मी दिलं. भिंत पाडायची म्हणला, पाडली. पोरगी मातर माजी हाय. तिच्या तोंडाकडं बघा एकदा, मंग काय ते ठरवा."

हैबतराव दिशाकडे बघायचं टाळत कल्पनाताईंकडे वळले, तर त्या पदरातला नारळ आणि तांदूळ दोन्ही हातांनी पुढं करत होत्या.

"हे परत घ्या, दादा. गैरसमजातलं आहे. माझा याच्यावर हक्क नाही."

वास आधी आला. हैबतरावांनी तांदळाकडे बघितलं, मग रंभाबाईंकडे. रंभाबाईंनी नजर चुकवली नाही.

"पिंपातलं?"

"व्हय, भावजी. मला ही बाई आवडली. इचारण्यात उशीर नगं म्हणलं."

हैबतरावांनी वाकून जमिनीवर सांडलेले चार दाणे वेचले आणि परत कल्पनाताईंच्या पदरात टाकले.

"ह्यो तांदूळ परत घ्यायचा नसतोय," ते म्हणाले. "ह्या वावराचा शेवटचा हाय. पोरीच्या लग्नाला म्हणून ठिवलेला. योग्य जागी गेला का न्हाई, ते आता तुमी ठरवा." मग त्यांनी दिशाच्या हातातली किल्ली उचलून आपल्या बंडीच्या खिशात घातली आणि आवाज मुद्दाम कडक केला. "पर एक ऐका. जावयाकडनं भाडं घेणं आमच्यात बसत न्हाई. आन फुकट ऱ्हाऊ दिला तर गाव घरजावई म्हणंल. तवा ह्या मजल्यावर तुमाला एकच स्थळ मिळंल. समोरचं, न्हाईतर ह्ये. कंचं पायजे?"

"पण मी मग राहू कुठं?" कौस्तुभ बोलून गेला.

"चांद्यालाच," जनार्दनराव म्हणाले. "चूप राह्य."

कल्पनाताईंनी पदराची गाठ पुन्हा मारली, आधीपेक्षा घट्ट. खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीकडे त्यांनी आता होकायंत्र न लावता बघितलं. मोरपंखी साडी, नाकावर घाम, तळहातावर किल्लीचे वळ.

"तुझं नाव काय गं, बाळा?"

"दिशा."

कल्पनाताई आधी अवाक् झाल्या, मग हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. "मी आल्यापासून दुसरं काय सांगून राहिले?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मला दिशा पाहिजे. बाकी सगळं चालवून घेऊ."

रंभाबाईंनी साखरेचा डबाच आणला. नथूनं पहिली चिमूट दादाच्या तोंडात घातली, दादानं मूठभर जनार्दनरावांच्या, आणि आशालताबाईंनी दिशाच्या तोंडात एवढी कोंबली की तिला रडताही येईना आणि हसताही येईना. तेवढ्यात वीज आली, पंखा फिरला, सर्व्हे नंबरचा नकाशा उडून स्वयंपाकघरात गेला, आणि त्याच्यामागं दोन्ही म्हातारे धावले.

दारात दयानंद उभा होता. तो तीन मजले चारदा उतरून चढला होता.

"तात्या, किल्ली काय घावंना," तो धापा टाकत म्हणाला. "पाव्हण्यांना स्थळ दाखवायचं ऱ्हायलंच!"